मांजरांमधील दीर्घकालीन मूत्रपिंडविकार

मांजरांमधील दीर्घकालीन मूत्रपिंडविकार हा पाळीव मांजरांना, विशेषतः उतारवयात, होणारा मूत्रपिंडांचा कायमस्वरूपी आणि हळूहळू वाढत जाणारा विकार आहे. मूत्रपिंडांची रचना किंवा कार्य साधारणपणे तीन महिन्यांपेक्षा अधिक काळ बिघडलेले राहिल्यास विकार दीर्घकालीन मानला जातो. नष्ट झालेला मूत्रपिंडाचा भाग पुन्हा निर्माण होत नसल्याने हा विकार पूर्णपणे बरा होत नाही. मात्र आहार, पाणी, औषधे आणि नियमित तपासणी यांच्या साहाय्याने त्याची गती मंद करता येते आणि निदानानंतरही अनेक मांजरे काही वर्षे समाधानाने जगतात.

या विकाराच्या उपचारांत आहाराला मध्यवर्ती स्थान आहे. परंतु अन्नावरील वासना उडणे हे याच विकाराचे एक प्रमुख लक्षण आहे. त्यामुळे मांजराला योग्य अन्न देणे आणि त्याने पुरेसे अन्न खाणे या दोन गरजांचा मेळ घालणे हा संगोपनातील सर्वांत अवघड भाग ठरतो.

## पार्श्वभूमी

पाळीव मांजराचा उगम आफ्रिकन रानमांजरापासून झाला आहे. कोरड्या प्रदेशात राहणारा हा प्राणी पाण्याची बरीचशी गरज भक्ष्याच्या मांसातून भागवतो. त्यामुळे मांजराची तहान मुळातच कमी असते आणि त्याची मूत्रपिंडे अतिशय दाट लघवी तयार करू शकतात. निरोगी मांजराच्या लघवीचे विशिष्ट गुरुत्व सामान्यतः १.०३५ पेक्षा अधिक असते.

मूत्रपिंडात रक्त गाळण्याचे काम नेफ्रॉन या सूक्ष्म घटकांकडून होते. माणसाच्या एका मूत्रपिंडात सुमारे १० लाख, तर मांजराच्या एका मूत्रपिंडात सुमारे २ लाख नेफ्रॉन असतात. काही नेफ्रॉन निकामी झाले की उरलेले त्यांचा भार उचलतात, त्यामुळे सुरुवातीच्या काळात बाहेरून काहीच जाणवत नाही. सुमारे दोन-तृतीयांश नेफ्रॉन गेल्यानंतर लघवी दाट करण्याची क्षमता घटते, आणि सुमारे तीन-चतुर्थांश गेल्यानंतर रक्तातील क्रिएटिनिन व युरिया यांचे प्रमाण स्पष्टपणे वाढू लागते. निदान उशिरा होण्याचे हे मुख्य कारण आहे.

## व्याप्ती आणि कारणे

पशुवैद्यकीय वर्गीकरणानुसार १० वर्षांवरील मांजर वृद्ध मानले जाते. या वयोगटातील सुमारे ३० ते ४० टक्के मांजरांत हा विकार कमीअधिक प्रमाणात आढळतो. १५ वर्षांपुढे त्याचे प्रमाण आणखी वाढते.

बहुतेक मांजरांमध्ये मूळ कारण निश्चित करता येत नाही. निदानाच्या वेळी मूत्रपिंडात दीर्घकाळचा दाह आणि व्रणऊती आढळतात, पण त्यांची सुरुवात कशाने झाली हे सांगता येत नाही. ज्ञात कारणांमध्ये मूत्रपिंडाचा जंतुसंसर्ग, मूत्रवाहिनीतील खडे, लिम्फोमा हा कर्करोग आणि पूर्वी होऊन गेलेली तीव्र इजा यांचा समावेश होतो. लिली या शोभेच्या वनस्पतीची पाने, फुले किंवा परागकण पोटात गेल्यास मांजराची मूत्रपिंडे काही दिवसांत निकामी होऊ शकतात. पर्शियन जातीच्या मांजरांमध्ये मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक विकार आढळतो. त्यामागील जनुकीय बदल २००४ मध्ये निश्चित झाला.

## लक्षणे

वाढलेली तहान आणि लघवीचे वाढलेले प्रमाण ही बहुधा प्रथम लक्षात येणारी लक्षणे असतात. वाळूच्या ट्रेमध्ये लघवीचे गोळे मोठे किंवा अधिक संख्येने दिसतात, किंवा पूर्वी पाण्याच्या भांड्याकडे न फिरकणारे मांजर नळाखाली, बादलीपाशी वा न्हाणीघरात पाणी पिताना आढळते. वजन घटणे हे त्याहून आधी सुरू होणारे, पण सहसा दुर्लक्षिले जाणारे लक्षण आहे. निदानाच्या सुमारे तीन वर्षे आधीपासून वजन कमी होऊ लागते, असे संशोधनात आढळले आहे. लांब केसांच्या मांजरात ही झीज नजरेला दिसत नाही. पाठीच्या कण्यावरून आणि खांद्यांवरून हात फिरवल्यास स्नायू कमी झाल्याचे जाणवते.

विकार वाढल्यावर भूक मंदावते. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता, तोंडाला दुर्गंधी, हिरड्यांवर व्रण, निस्तेज फर आणि अशक्तपणा ही लक्षणे दिसतात. अन्नाजवळ जाऊन वास घेणे, ओठ चाटणे आणि न खाता परत फिरणे हे मळमळीचे लक्षण असते. त्याला ‘नखरे’ समजले गेल्यास उपचार लांबतात. रक्तातील पोटॅशियम फार कमी झाल्यास मांजराची मान खाली झुकलेली राहते. उच्च रक्तदाबामुळे डोळ्यातील दृष्टिपटल सुटून मांजर अचानक आंधळे होऊ शकते.

## निदान आणि टप्पे

निदानासाठी रक्त व लघवीची तपासणी, रक्तदाबाचे मापन आणि आवश्यकतेनुसार सोनोग्राफी केली जाते. क्रिएटिनिन हे स्नायूंतून निर्माण होत असल्याने कृश मांजरात त्याचे प्रमाण फसवे कमी दिसू शकते. एसडीएमए या द्रव्यावर स्नायूंच्या झिजेचा फारसा परिणाम होत नाही, म्हणून वृद्ध मांजरांत त्याची तपासणीही उपयुक्त ठरते.

विकाराची तीव्रता ठरवण्यासाठी १९९८ मध्ये स्थापन झालेल्या ‘आयरिस’ या आंतरराष्ट्रीय पशुवैद्यकीय मूत्रपिंड संस्थेचे वर्गीकरण जगभर वापरले जाते. मांजराला पुरेसे पाणी मिळालेले असताना व प्रकृती स्थिर असताना मोजलेल्या क्रिएटिनिनवर ते मुख्यतः आधारित आहे:

- पहिला टप्पा – १.६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी, परंतु मूत्रपिंडाच्या बिघाडाची अन्य चिन्हे उपस्थित
- दुसरा टप्पा – १.६ ते २.८; लक्षणे नसतात किंवा सौम्य असतात
- तिसरा टप्पा – २.९ ते ५.०, भूक, वजन व उत्साह यांवर परिणाम दिसू लागतो
- चौथा टप्पा – ५.० पेक्षा अधिक. रक्तात टाकाऊ द्रव्ये साचून विषबाधा होण्याचा धोका मोठा

लघवीतून जाणारी प्रथिने आणि रक्तदाब यांनुसार प्रत्येक टप्प्याचे उपप्रकार केले जातात. रक्तदाबाचा वरचा आकडा १६० मिलिमीटर पारा किंवा त्याहून अधिक राहिल्यास उच्च रक्तदाब मानला जातो.

## आहार

### मांसाहारी प्राण्याच्या गरजा

मांजर हा पूर्णतः मांसाहारावर अवलंबून असलेला प्राणी आहे. प्रथिनांचे विघटन करणारी त्याच्या यकृतातील विकरे आहारात प्रथिने कमी असली तरी फारशी मंदावत नाहीत. अशा वेळी शरीर स्वतःच्या स्नायूंतील प्रथिने वापरू लागते. टॉरिन हे द्रव्य मांजराचे शरीर पुरेशा प्रमाणात तयार करू शकत नाही. त्याच्या अभावी दृष्टिपटल खराब होते आणि हृदयाचे स्नायू दुबळे होतात. हृदयविकाराशी असलेला हा संबंध अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी १९८७ मध्ये सिद्ध केला. त्यामुळे मूत्रपिंडविकाराच्या माणसाला सुचवला जाणारा कमी प्रथिनांचा आहार मांजराला जसाच्या तसा लागू करता येत नाही.

### मूत्रपिंडविकारासाठीचा विशेष आहार

प्राण्यांच्या मूत्रपिंडविकारासाठी खास आहार तयार करण्याची सुरुवात अमेरिकन पशुवैद्य मार्क मॉरिस यांनी केली. मॉरिस फ्रँक या दृष्टिहीन गृहस्थाच्या ‘बडी’ नावाच्या मार्गदर्शक कुत्रीसाठी त्यांनी बनवलेले अन्न पुढे १९४८ मध्ये डबाबंद स्वरूपात तयार होऊ लागले. मांजरांसाठीचे आजचे विशेष खाद्य याच परंपरेतील आहे.

अशा खाद्यात फॉस्फरस व सोडियम कमी, प्रथिने मर्यादित पण उच्च प्रतीची, तर पोटॅशियम, ब गटातील जीवनसत्त्वे आणि ओमेगा-३ मेदाम्ले अधिक असतात. यांपैकी फॉस्फरसवरील नियंत्रण सर्वांत महत्त्वाचे मानले जाते. निकामी होत चाललेली मूत्रपिंडे फॉस्फरस बाहेर टाकू शकत नाहीत. तो रक्तात साचल्याने पॅराथायरॉइड ग्रंथीचे संप्रेरक वाढते, हाडांतील कॅल्शियम कमी होते आणि मूत्रपिंडांचे आणखी नुकसान होते.

लंडनच्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजमधील २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात विशेष आहार घेणाऱ्या मांजरांचे मध्यक आयुष्य निदानानंतर ६३३ दिवस, तर तो न घेणाऱ्यांचे २६४ दिवस आढळले. या अभ्यासात गटांची विभागणी सोडत पद्धतीने झालेली नव्हती. दुसऱ्या गटात ते अन्न न स्वीकारणारी मांजरे होती. सोडत पद्धतीने केलेला मिनेसोटा विद्यापीठातील अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ४५ मांजरांचे दोन वर्षांपर्यंत निरीक्षण करण्यात आले. साध्या खाद्यावरील सुमारे एक-चतुर्थांश मांजरांना विषबाधेचे झटके आले. विशेष खाद्यावरील एकाही मांजराला असा झटका आला नाही. विशेष आहार सामान्यतः दुसऱ्या टप्प्यापासून सुचवला जातो.

### अन्नात बदल

वृद्ध मांजरे अन्नाच्या वासाविषयी, स्पर्शाविषयी आणि आकाराविषयी आग्रही असतात. गोड चव ओळखणारा जनुक मांजरात निष्क्रिय असतो. अन्नाची निवड प्रामुख्याने वासावरून होते. त्यामुळे नवे खाद्य एकदम सुरू न करता जुन्या खाद्यात थोडे थोडे मिसळत काही आठवड्यांत बदल पूर्ण केला जातो. पुढील बाबी उपयुक्त ठरतात:

- ओले अन्न शरीराच्या तापमानाइतके कोमट केल्यास त्याचा वास खुलतो.
- एकदाच मोठा वाटा ठेवण्याऐवजी दिवसातून अनेकदा थोडे ताजे अन्न दिले जाते.
- मिशा कडेला घासणार नाहीत अशी पसरट ताटली वापरली जाते. मानेचे वा पायांचे सांधे दुखत असल्यास ती थोड्या उंचीवर ठेवली जाते.
- अन्न व पाणी वाळूच्या ट्रेपासून दूर ठेवले जाते.
- कडू औषधे नेहमीच्या अन्नात मिसळली जात नाहीत, कारण त्यामुळे त्या अन्नाचीच नावड निर्माण होते.

मळमळ होत असताना किंवा मांजर रुग्णालयात असताना नवे खाद्य सुरू करणे टाळले जाते. त्या वेळच्या त्रासाशी खाद्याचा संबंध जोडला गेल्यास मांजर ते पुढेही नाकारते, आणि दीर्घकाळ लागणारे खाद्य पहिल्याच प्रयत्नात हातचे जाते.

### मांजर खात नसल्यास

विशेष खाद्य न खाणाऱ्या मांजराला ‘भूक लागली की खाईल’ या समजुतीने उपाशी ठेवणे धोकादायक असते. काही दिवसांच्या उपासाने, विशेषतः स्थूल मांजरात, शरीरातील मेद यकृतात साचून प्राणघातक विकार होऊ शकतो. कृश मांजरात उरलेले स्नायूही झपाट्याने झिजतात. म्हणून पोटात अन्न जाणे हे कोणते अन्न जाते यापेक्षा अधिक महत्त्वाचे, असे तत्त्व पशुवैद्यकात पाळले जाते. विशेष खाद्य पूर्णपणे नाकारल्यास तुलनेने कमी फॉस्फरस असलेले नेहमीचे ओले खाद्य आणि त्यासोबत फॉस्फरस बांधून ठेवणारे औषध हा मध्यम मार्ग स्वीकारला जातो.

२४ तास काहीही न खाल्लेल्या वृद्ध, आजारी मांजराला पशुवैद्याकडे नेणे आवश्यक मानले जाते. मळमळीवर मॅरोपिटंट, तर भूक वाढवण्यासाठी मिर्टाझापिन ही औषधे वापरली जातात. कानाच्या आतील त्वचेला लावायच्या मिर्टाझापिन मलमाला अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली. सिरिंजने बळजबरीने भरवल्यास अन्न श्वासनलिकेत जाण्याचा आणि अन्नाची कायमची नावड निर्माण होण्याचा धोका असतो. त्याऐवजी दीर्घकाळासाठी मानेतून अन्ननलिकेत बसवलेली नळी अधिक सुसह्य ठरते. तिच्यातून अन्न, पाणी व औषधे घरीच देता येतात आणि नळी असतानाही मांजर तोंडाने खाऊ शकते.

### घरगुती अन्न

महाराष्ट्रातील अनेक घरांत मांजराला दूध-पोळी, दहीभात, मासळीची डोकी व काटे किंवा सुकी मासळी दिली जाते. मूत्रपिंडविकार असलेल्या मांजरासाठी यांतील बहुतेक पदार्थ गैरसोयीचे आहेत. दुधात फॉस्फरस असतो, शिवाय बहुतेक प्रौढ मांजरांना दुधातील शर्करा पचत नाही. सुके बोंबील, सुकट यांत फॉस्फरस असतोच, शिवाय त्या खारवलेल्या असल्यास मीठही भरपूर असते. मासळीचे काटे व हाडे हा फॉस्फरसचा मोठा साठा आहे, तर काळीज-कलेजीतही तो मुबलक असतो. दहीभात किंवा वरणभातातून मांजराला पुरेसे टॉरिन व प्रथिने मिळत नाहीत. कांदा व लसूण मांजराच्या तांबड्या रक्तपेशी नष्ट करतात, त्यामुळे फोडणीचा रस्सा किंवा मसाल्याचे सूप कोणत्याही प्रमाणात योग्य नाही. उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्या भागात प्रथिने चांगली व फॉस्फरस अत्यल्प असतो. पिवळ्या बलकात मात्र तो बराच असतो.

घरी शिजवलेल्या अन्नावर मांजर पूर्णपणे ठेवायचे असल्यास पाककृती पशुपोषणतज्ज्ञाकडून आखून घ्यावी लागते आणि तिच्यात टॉरिन, कॅल्शियम व जीवनसत्त्वे वेगळी घालावी लागतात. मूत्रपिंडविकारासाठी पुस्तकांतून व अन्यत्र प्रसिद्ध झालेल्या घरगुती पाककृतींची अमेरिकेत २०१२ मध्ये तपासणी झाली, तेव्हा पोषणाचे सर्व निकष पूर्ण करणारी एकही पाककृती आढळली नाही.

## पाणी आणि सलाइन

मूत्रपिंडे पाणी राखू शकत नसल्याने मांजर सतत निर्जलीकरणाच्या उंबरठ्यावर असते. लघवी फार होते म्हणून पाणी कमी ठेवणे घातक आहे. पाणी नेहमी आणि मुबलक उपलब्ध असावे लागते. डबाबंद ओल्या अन्नात सुमारे ७० ते ८० टक्के, तर कोरड्या दाण्यांत सुमारे १० टक्के किंवा त्याहून कमी पाणी असते. म्हणून मांजर स्वीकारत असल्यास ओले अन्न श्रेयस्कर ठरते आणि त्यात थोडे कोमट पाणीही मिसळता येते. घरात अनेक ठिकाणी पसरट, काठोकाठ भरलेली भांडी ठेवल्यास किंवा वाहत्या पाण्याचे कारंजे लावल्यास काही मांजरे अधिक पाणी पितात. उन्हाळ्यात याकडे विशेष लक्ष द्यावे लागते.

तोंडाने पुरेसे पाणी जात नसल्यास खांद्यांमधील सैल त्वचेखाली सलाइन दिले जाते. ही क्रिया पशुवैद्याकडून शिकून अनेक पालक घरीच करतात. सलाइनचा प्रकार, मात्रा व वारंवारता पशुवैद्य ठरवतो. हृदयविकार असलेल्या मांजरात जास्त सलाइनमुळे छातीत पाणी साचू शकते. शरीरात शोषले न गेलेले सलाइन त्वचेखाली जाणवत असल्यास पुढील मात्रा देण्यापूर्वी पशुवैद्याचा सल्ला घेतला जातो.

## औषधोपचार

ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडसारखी फॉस्फरस बांधणारी औषधे अन्नातील फॉस्फरसवर काम करतात, म्हणून ती अन्नासोबतच द्यावी लागतात. उपाशीपोटी त्यांचा उपयोग होत नाही. उच्च रक्तदाबासाठी अम्लोडिपिन, तर लघवीतून प्रथिने जात असल्यास टेल्मिसार्टन किंवा बेनाझेप्रिल वापरले जाते. पोटॅशियम कमी झाल्यास ते पूरक स्वरूपात दिले जाते. मूत्रपिंडांतून स्रवणारे एरिथ्रोपोएटिन कमी पडून रक्तक्षय होतो. त्यावर डार्बेपोएटिनची इंजेक्शने दिली जातात. तोंडाने द्यायच्या मोलिडुस्टॅट या औषधाला अमेरिकेत २०२३ मध्ये सशर्त मान्यता मिळाली.

माणसांसाठीची वेदनाशामके मांजराला स्वतःहून देणे प्राणघातक ठरू शकते. पॅरासिटामॉलचे विघटन करण्याची क्षमता मांजराच्या यकृतात अत्यल्प असते, त्यामुळे एक गोळीही जीव घेऊ शकते. आयबुप्रोफेनसारखी औषधे मूत्रपिंडांना थेट इजा करतात.

## सहव्याधी आणि दैनंदिन काळजी

वृद्ध मांजरात बहुधा एकाहून अधिक विकार एकत्र असतात. थायरॉइड ग्रंथीच्या अतिकार्यामुळे मूत्रपिंडांतील रक्तप्रवाह वाढतो आणि मूत्रपिंडविकार झाकला जातो. थायरॉइडवर उपचार सुरू झाल्यावर तो उघड होतो. मधुमेहातही तहान आणि लघवी वाढते. दातांच्या वेदनेमुळे भुकेले मांजरही खात नाही. संधिवातामुळे उंच कडेच्या ट्रेमध्ये चढणे अवघड होऊन मांजर बाहेर लघवी करू लागते. अशा वेळी शिक्षा न करता कमी उंचीचा ट्रे जवळच्या जागी ठेवणे, उबदार अंथरूण देणे आणि फर विंचरण्यास मदत करणे उपयोगी पडते.

घरच्या काट्यावर साधारण आठवड्यातून एकदा घेतलेले वजन, दररोजच्या खाण्याचा अंदाज आणि उलट्यांची नोंद ही पशुवैद्याला उपचार बदलण्यासाठी मोलाची माहिती ठरते. चार किलोच्या मांजराचे २०० ग्रॅम वजन घटणे म्हणजे शरीराचा पाच टक्के भाग कमी होणे होय. प्रकृती स्थिर असल्यास रक्त, लघवी व रक्तदाबाची तपासणी सामान्यतः तीन ते सहा महिन्यांनी केली जाते.

## पूर्वानुमान आणि अखेरचा काळ

२००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निदानानंतरचे मध्यक आयुष्य दुसऱ्या टप्प्याच्या उत्तरार्धात १,१५१ दिवस, तिसऱ्या टप्प्यात ७७८ दिवस आणि चौथ्या टप्प्यात १०३ दिवस आढळले. प्रत्येक टप्प्यातील मांजरांमध्ये मोठी तफावत होती, त्यामुळे एका मांजराविषयी या आकड्यांवरून भाकीत करता येत नाही.

विकार वाढत गेल्यावर उपचाराचे उद्दिष्ट आयुष्य वाढवण्याकडून ते सुसह्य ठेवण्याकडे वळते. या टप्प्यावर आहाराचे निर्बंधही शिथिल केले जातात आणि मांजर आवडीने जे सुरक्षित अन्न खाईल ते दिले जाते. अमेरिकन पशुवैद्य ॲलिस व्हिलालोबोस यांच्या जीवनमान श्रेणीत वेदना, भूक, शरीरातील पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस अधिक असणे या सात बाबींना प्रत्येकी शून्य ते दहा गुण दिले जातात. एकूण गुण ३५ पेक्षा अधिक असल्यास जीवनमान स्वीकारार्ह मानले जाते. उपचारांनंतरही मांजर खात नसेल, सतत लपून बसत असेल, अंग चाटून स्वच्छ करणे त्याने सोडले असेल आणि माणसांच्या सहवासाला प्रतिसाद देत नसेल, तर पशुवैद्याशी चर्चा करून वेदनारहित दयामरणाचा पर्याय विचारात घेतला जातो. हा निर्णय घेताना एखाद्या वाईट दिवसापेक्षा काही आठवड्यांच्या नोंदींतून दिसणारा कल अधिक विश्वासार्ह ठरतो.